नाना जिवंत असताना

दुसऱ्या केमोनंतर केस गेले. उशीवर, ताटात, बनियनच्या आत, जिथे पाहावं तिथे केस. शेवटी न्हाव्याला घरी बोलावून उरलेले काढून टाकले. जो येई तो म्हणे, केसांचं काय, परत येतील. दुसऱ्याच्या केसांबद्दल लोकांना फार खात्री असते.

माझ्या आजाराचं साक्रीकडे गावी राहणाऱ्या नानांना, म्हणजे वडिलांना, कळू द्यायचं नाही, असं त्यांच्याजवळ राहणाऱ्या थोरल्या भावाने परस्पर ठरवलं होतं. ते धसका घेतील, म्हणे. माझ्या धसक्याचं कोणी विचारलं नाही. गावी का येत नाहीस म्हणून नाना फोनवर चिडायचे, आणि मी कामाचे बहाणे सांगायचो.

एका दुपारी दवाखान्यातून परतताना धुळ्याच्या स्टँडसमोर रिक्षाची वाट बघत होतो. ऊन मी म्हणत होतं. टोपीखाली टाळूची आग व्हायला लागली, म्हणून ती काढून हातात धरली. तेवढ्यात साक्रीची गाडी बाहेर पडली. खिडकीत आमचे आतेभाऊ. त्यांनी माझ्या डोक्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. मीही जोडले. गाडी निघून गेली.

आमच्याकडे बाप गेला की मुलगा दहाव्याला डोकं भादरतो. आतेभावांनी तेच धरलं: मामाचा दहावासुद्धा उरकला आणि आपल्याला साधा निरोप नाही! असल्या रागात फोन कोण करतो? दुसऱ्या दिवशी सकाळीच जीपभर माणसं घेऊन ते नानांच्या गावी दारावर बसायला, म्हणजे सांत्वनाला, गेले. रीतीप्रमाणे बायांनी गल्लीच्या तोंडाशीच पदर ओढून नाना कुठे गेले म्हणून गळा काढला, "नाना, कथा गयात हो!"

नाना ओट्यावर बशीतून चहा पीत होते.

आधी ते खूप हसले म्हणे. मग हसता हसता थांबले आणि विचारलं, "मी ते जित्ता शे. मंग पोऱ्यानी मुंडन काब्र करं?"

भावाने नाइलाजाने त्यांना सगळं सांगून टाकलं. नंतर त्याने मला फोन करून झापलं, "तुला एक टोपी घालता येत नव्हती?" म्हणजे गुन्हेगार मीच. त्या दिवशी मला कॅन्सरपेक्षा माझ्या माणसांचाच जास्त संताप आला.

दुपारच्या गाडीने नाना धुळ्याला आले. पाणीसुद्धा न घेता माझ्यासमोर बसले. किती तरी वेळ माझ्या डोक्याकडे बघत राहिले. मग मला म्हणाले,

"बठ्ठा लोक म्हनतस, मरानी खोटी बातमी उठनी का आयुष्य वाढस. आते हाई वाढेल आयुष्य मी काय करू, भाऊ?"