गाळलेली पानं

कुणी नवी कादंबरी वाचायला दिली की शांतला मॅडम पहिला प्रश्न विचारत, ‘‘हिच्यात मुलगी आहे का?’’ आहे म्हटलं की दुसरा, ‘‘आणि ती गाडीत बसली की लेखक तिच्याबरोबर जातो, का मांडवातच राहतो?’’ बहुतेक लेखक मांडवातच राहतात, असं त्यांचं म्हणणं होतं. बापाचे डोळे पुसण्यात चार पानं घालवतात, आणि मुलगी वळणावरून दिसेनाशी होते ती कादंबरीतूनच जाते. ‘‘पुन्हा आलीच, तर बाळंतपणाला, नाहीतर बाप गेल्यावर. मधल्या वर्षांत ती काय करत होती, विचारायला कोण जात न्हाय,’’ असं त्या वर्गात म्हणत. एरवी त्यांचं मराठी अगदी प्रमाण. वाक्याचा शेवट असा कोल्हापुरी झाला, की समजायचं, मॅडम आता मनापासून बोलतायत.

त्यांना जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. म्हणून हे सावकाश लिहिते आहे.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी त्यांच्या कॉलेजात मराठी शिकवायला लागले. मुरगूडहून आले होते, कोल्हापुरात खोली भाड्यानं घेतली होती. पहिल्याच आठवड्यात स्टाफरूममध्ये त्यांनी विचारलं, ‘‘जेवणाचं काय करतेस?’’ मेसचं नाव सांगितल्यावर त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘‘गुरुवारी माझ्याकडे येत जा. तो मेसवाला गुरुवारी बुधवारचं वाढतो.’’ तेव्हापासून माझे गुरुवार शाहूपुरीतल्या त्यांच्या वरच्या मजल्यावरच्या घरात गेले.

घरात माणसं दोनच. मॅडम आणि त्यांचे वडील, अप्पा. आई मॅडमच्या लहानपणीच गेलेली. अप्पांची गुळाची अडत होती. रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडायचा, खडा जिभेवर ठेवायचा आणि भाव बोलायचा, यात त्यांचं आयुष्य गेलं. काचबिंदूनं दृष्टी गेली, दुकान पुतण्याकडे गेलं, आणि मग रोज दिवेलागणीला मॅडम त्यांना कादंबरी वाचून दाखवू लागल्या. घराणं मूळचं सीमेपलीकडचं, त्यामुळे अप्पा मुलीला कन्नड वळणानं ‘यव्वा’ म्हणत. मला मात्र ते शेवटपर्यंत ‘पावणं’च म्हणाले.

कादंबरीतल्या बापांची पारख ते गुळासारखीच करत. ‘‘ह्यो बाप कच्चा उतरवलाय बघ. पाक झालाच न्हाय. एवढा रडतोय, पन पोरीचं नाव तरी घेतलं का त्यानं एकदा?’’ मॅडम हसून म्हणत, ‘‘अप्पा, माझे पीएच.डी.चे गाईडसुद्धा इतकं बोलत नाहीत.’’ पण पुष्कळदा अप्पांचं साफ चुकायचं. कुठलीही आई मुलीला जरा टाकून बोलली, की ते लगेच सांगायचे, ‘‘सावत्र हाय ती.’’

‘‘सख्खी आहे, अप्पा. पहिल्याच पानावर लिहिलंय.’’

‘‘मग लिवणाऱ्याला म्हाईत न्हाय.’’

मॅडमचा पीएच.डी.चा विषयही हाच होता, मराठी कादंबरीतल्या मुली आणि त्यांचे आईवडील. आईवरचं प्रकरण कधीच लिहून झालं होतं. बापावरचं काही केल्या होत नव्हतं. विभागप्रमुख येता-जाता चिमटा काढत, ‘‘काय मॅडम, तुमचे वडील कुठवर आले?’’ ‘‘जेवायला बसलेत,’’ मॅडम पेपर तपासता तपासता उत्तर देत.

ते प्रकरण का अडलं होतं, हे मला फार उशिरा, तेही बाहेरूनच कळलं. वाचणाऱ्याला मात्र आधीच सांगितलेलं बरं. तरुणपणी मॅडमना एका शिक्षकाशी लग्न करायचं होतं. माणूस बौद्ध घरातला, शिकलेला, शांत. अप्पांनी नाही म्हटलं. मॅडम भांडल्या नाहीत, पळून गेल्या नाहीत, आणि दुसऱ्या कुणाशी लग्नही केलं नाही. त्या माणसाचा पुढे संसार झाला. या घरात त्यानंतर त्या गोष्टीचा शब्द निघाला नाही. वाचताना, मुलीनं निवडलेल्या माणसाला बाप नकार देतो असा भाग आला, की मॅडम ती पानं बोटाच्या चिमटीत धरून सरळ पलीकडे जात. कादंबरी आधी एकटीनं वाचलेली असल्यामुळे कुठून कुठवर गाळायचं, हे त्यांना ठाऊक असे.

एका हिवाळ्यात मॅडमचा आवाज बसला. कुजबुजायचंसुद्धा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. तो गुरुवार होता. मी गेले तर त्यांनी घशाकडे बोट केलं, मग टेबलावरच्या कादंबरीकडे, मग माझ्याकडे, आणि भाकऱ्या करायला आत गेल्या. मी खुणेच्या पानापासून वाचायला लागले.

पाच-सात पानांतच तो भाग आला. मुलगी वडिलांसमोर उभी राहून त्या मुलाचं नाव सांगते आहे. तेवढ्यात मॅडम पिठाच्या हातांनी दारात आल्या आणि जोरजोरात हात हलवू लागल्या. शेजारच्यांचा टीव्ही मोठ्यानं चालला होता. मला वाटलं, अप्पांना ऐकू जात नाही, मोठ्यानं वाच म्हणतायत. मी आवाज चढवला. त्यांनी कपाळाला हात लावला, कपाळ पांढरं झालं. शेवटी त्या पुस्तक काढून घ्यायला माझ्यापर्यंत आल्या, तेव्हा अप्पा म्हणाले, ‘‘यव्वा, थांबवू नगंस तिला.’’

मॅडम जागच्या जागी थांबल्या.

‘‘एवढी वर्सं पानं गाळतीयास, मला कळत न्हाय व्हय? गोष्ट मधीच उडी मारती. काल आनलेला जावई आज कुठं गेला, म्हनून मी काय इचारायचं न्हाय? वाच की गं पावणं. आज सगळं वाच.’’

मी मॅडमकडे पाहिलं. त्या खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. नको म्हणाल्या नाहीत. मी वाचलं. बाप नाही म्हणतो, मुलगी काही न बोलता आत जाते, प्रकरण संपतं.

अप्पा म्हणाले, ‘‘भ्याला त्यो. भावकीला भ्याला, पेठेतल्या लोकास्नी भ्याला. पोरगं चांगलं हुतं, आनि त्याला ते म्हाईत हुतं.’’ मग म्हणाले, ‘‘पुढं वाच. पोरीनं त्याला माफ केलं का?’’

मी पानं चाळली. ‘‘अप्पा, त्याबद्दल पुढं काहीच लिहिलेलं नाही. पुढच्या प्रकरणात एकदम दोघं म्हातारी झालीत.’’

‘‘मग कुनाला इचारायचं?’’

त्यांचं तोंड माझ्याकडे नव्हतं. कादंबरीतल्या पोरीबद्दल ते बोलत नव्हते, हे तोवर माझ्याही लक्षात आलं होतं.

मॅडमना बोलता येत नव्हतं आणि अप्पांना दिसत नव्हतं. त्या त्यांच्यासमोर जमिनीवर बसल्या, त्यांचा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि मान हलवली. अप्पांनी तळवा तसाच ठेवला. थोड्या वेळानं वैतागून म्हणाले, ‘‘मान हालवतीयास ते कळतंय मला. पन व्हय म्हनून का न्हाय म्हनून, ते कसं कळावं? पावणं, तू बघितलंस न्हवं? सांग की!’’

मी जे पाहिलं ते सांगितलं, ‘‘आधी नाही म्हणाल्या, अप्पा. मग हो म्हणाल्या.’’

‘‘आधी न्हाय?’’

‘‘हो. बराच वेळ नाही. मग हो.’’

अप्पांनी मान डोलावली. ‘‘बरोबर हाय,’’ म्हणाले. ‘‘भाकरी करपतीया बघ, यव्वा.’’

आवाज परत आल्यावर मॅडमनी एकही पान गाळलं नाही. अप्पा पुढे दोन-तीन वर्षं होते, आणि त्यांनी तेवढ्या काळात पुष्कळ बापांना शिव्या घातल्या. प्रबंध त्यांच्यादेखत पुरा झाला. त्या संध्याकाळचा विषय मात्र मॅडमनी माझ्याकडे कधी काढला नाही, आणि मीही विचारलं नाही.

विचारलं ते गेल्या वर्षी, त्या अंथरुणाला खिळल्यावर. मी त्यांना वाचून दाखवायला जात होते. मध्येच पुस्तक मिटून म्हटलं, ‘‘मॅडम, त्या दिवशी खरं कुठलं होतं? नाही, का हो?’’

त्यांना विचार करावा लागला नाही. ‘‘दोन्ही,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तू क्रमानं सांगितलंस, ते बरं केलंस. नुसतं हो सांगितलं असतंस, तर म्हाताऱ्यानं इस्वास ठेवला नसता.’’