वाडीत आलेले पाहुणे

"उद्यापासून तुमचे टुरिस्ट वाडीत नकोत," गिरगावातल्या एका वाडीचे सेक्रेटरी नेनेकाका मला सगळ्यांसमोर म्हणाले. माझ्यामागे ग्रुप उभा होता. मी हसून त्यांना बाहेरच्या रस्त्याला वळवलं आणि वॉक उरकल्यावर ऑफिसला फोन लावला.

मी टुरिस्ट गाइड आहे. माझं काम इनबाउंडचं, म्हणजे परदेशातून येणाऱ्यांना शहर दाखवायचं. मी नायगावच्या चाळीत वाढले. त्यामुळे वाड्या-चाळींतून पायी फिरवायचा हा वॉक मीच बसवला होता. बॉसला तो पहिल्यापासून पटला नव्हता.

"मेधा, गिरगाव काढून टाक. मॉलमध्ये ने त्यांना."

"सर, मॉल त्यांच्याकडेही आहेत. रविवारपर्यंत थांबा."

रविवारी वाडीची मीटिंग होती. तक्रार खरी होती. माझे टुरिस्ट वाळत घातलेल्या कपड्यांचे फोटो काढायचे, दारातून आत डोकावायचे. "ते थांबवणं माझं काम, मी थांबवते," मी म्हटलं.

"पण आम्हाला काय मिळतं यातून?" काका म्हणाले. "कमावतात ती मोठी हॉटेलं."

"इथे कुणाच्या घरातलं कोणी पर्यटनात आहे?" मी विचारलं. सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या. वॉक गेलाच, असं वाटलं.

मी प्रश्न बदलला. "बरं, हॉटेलात, एअरपोर्टवर, टॅक्सीवर कोण आहे?"

आता आवाज यायला लागले. शिंदेबाईंची मुलगी एअरपोर्टवर. तळमजल्यावरच्या लाँड्रीवाल्यांकडे हॉटेलच्या चादरी येतात. कुणाच्या भावाची टुरिस्ट गाडी. मग मागून नेनेकाकू म्हणाल्या, "अहो, आणि आपला पराग?"

"पराग अकाउंट्समध्ये आहे," मुलाचं नाव निघताच काका म्हणाले.

"हॉटेलच्याच ना? लॉकडाऊनमध्ये हॉटेल ओस पडलं, तेव्हा घरीच बसून होता की!"

सगळे हसले. काकाही हसले, पण जरा वेळाने.

पाहुण्यांचा पैसा आपल्याही घरात येतो हे पटलं आणि परवानगी मिळाली, पण अटींवर. ग्रुप लहान हवा, जिना चढायचा नाही, विचारल्याशिवाय फोटो नाही. मला सगळ्या मान्य होत्या.

पुढचा ग्रुप घेऊन गेले तेव्हा काका खाली उतरले. आयुष्यभर ऑफिसात वापरलेल्या नीटस इंग्रजीत त्यांनी पाहुण्यांना गणपतीच्या मांडवाची जागा दाखवली. इथे अख्खी वाडी एका पंगतीत जेवते, म्हणाले. ग्रुपमधल्या एका आजीबाईंनी त्यांना प्रश्नांवर प्रश्न विचारले. बोलणं हा माझा धंदा, पण त्या दिवशी मी मागे उभी राहून ऐकत होते. ही माझ्या शहरातली माणसं, एवढंच मनात येत होतं.

आज आमच्याकडे या वॉकचं बुकिंग सगळ्यात आधी फुल होतं. बॉस तो 'आमची आयडिया' म्हणून सांगतात.

मी मात्र तेव्हापासून कुठल्याही मीटिंगमध्ये 'पर्यटन' हा शब्द काढत नाही. कोण कुठे कामाला जातं, तेवढंच विचारते.