परतीपुरती बॅटरी

गफ्फार भामरागडला आला तो शहाऐंशी साली, बल्लारपूरहून, एका ठेकेदाराच्या ट्रकचा डायनामो दुरुस्त करायला. दोन दिवसांचं काम होतं. त्यात पूल बुडाला आणि तो अठरा दिवस अडकला. तेवढ्या दिवसांत गावातल्या सगळ्या जीपगाड्यांच्या बॅटऱ्या त्याच्या हाताखालून गेल्या. पुढच्या वर्षी तो बायकोला, कमरजहाँला घेऊन आला आणि बाजाराच्या टोकाला टिनाच्या शेडमध्ये दुकान मांडलं.

बॅटरीतलं त्याला कळायचं ते दुसऱ्या कुणाला कळत नसे. झाकण उघडून वास घेतला की प्लेटा कशा आहेत ते सांगायचा. तरीही काचेची नळी घालून ॲसिडची ग्रॅव्हिटी, म्हणजे दाटपणा, नळीतल्या काट्यावर मोजल्याशिवाय कुणाला शब्द द्यायचा नाही. "नाक खोटं बोलते, काटा नाई बोलत," असं म्हणायचा.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात एका संस्थेनं गावाला बॅटरीवर चालणारी नाव दिली. विचार चांगला होता. पावसाळ्यात रस्ता तुटला की डिझेल येत नाही, मग इंजिनाची नाव असून उपयोग नाही. ही घरच्या करंटवर चालेल आणि नदीकाठच्या गावांतले आजारी लोक दवाखान्यात आणील. चार मोठ्या बॅटऱ्या, मागे मोटर, पांढरी फायबरची नाव. नागपूरहून आलेल्या इंजिनिअर साहेबानं सांगितलं, एका चार्जिंगमध्ये वीस किलोमीटर. नाव चालवायला पत्रू माडियाला नेमलं. त्याचा जन्म लाकडी डोंग्यात, वल्हं मारण्यात गेला होता. बॅटऱ्या गफ्फारकडे आल्या.

गफ्फारनं साहेबाला एकच विचारलं. "वीस किलोमीटर कुठी चालवून पाहिली?"

"तलावात."

"तलावाचं पाणी उभं राह्यते साहेब. इंद्रावतीचं नाई राहत."

साहेब हसला, तक्ता दाखवला आणि रस्ता कोरडा आहे तोवर निघून गेला.

जुलैत पाणी चढल्यावर गफ्फार आणि पत्रूनं स्वतः नाव काढली. वरच्या अंगाला जाताना मोटर ओरडत होती, बॅटरी भराभर उतरत होती. पण येताना धारच आणून सोडायची. वरच्या गावांचं म्हणून काही अडलं नाही. त्या महिन्यात साप चावलेलं एक पोर आणि तापानं फणफणलेला एक म्हातारा, दोघं वेळेत दवाखान्यात पोचले. गावाला गफ्फारचं कौतुक वाटलं. कमरजहाँनं शेजारणीला सांगितलं, की इतक्या वर्षांत हा माणूस पहिल्यांदा गुणगुणत अंघोळ करतो.

खालच्या अंगाचं गणित मात्र उलटं होतं. जाताना नाव सुसाट जायची, काटा हलायचा नाही आणि माणूस फसायचा. खरा खर्च परतीचा, तोही आजारी माणूस नावेत असताना. दोन्ही काठांना जंगल, मध्ये बॅटरी संपली तर फुगलेली नदी नाव कुठं नेऊन आपटेल याचा नेम नाही. गफ्फारनं मोजून हद्द ठरवली. बॅटऱ्या पूर्ण भरलेल्या असल्याशिवाय तीन किलोमीटरवरच्या काळ्या खडकाच्या खाली जायचं नाही. आणि पावसाळ्यात बॅटऱ्या पूर्ण भरणं म्हणजे लाईनच्या मर्जीवर. एक झाड पडलं की दोन-दोन दिवस करंट नसायचा.

ऑगस्टच्या अखेरीस असेच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला वारलू दुकानात आला. खालच्या अंगाला सात किलोमीटरवर त्याचा टोला, थोड्या घरांची वस्ती. पहाटेच निघालेला, वाटेतले दोन नाले लाकडाच्या ओंडक्याला धरून पार केलेले, अंगावरून पाणी गळत होतं. त्याची बायको बुधरी परवापासून अडलेली होती. सुईणीनं हात टेकले होते. डोंगा धारेविरुद्ध चढत नव्हता, आणि नाल्यांतून खाट आणता येत नव्हती.

वारलूला मराठी थोडंच यायचं. तो एवढंच म्हणाला, "नाव पायजे."

गफ्फारनं चारही बॅटऱ्यांची ग्रॅव्हिटी घेतली. भरलेल्या बॅटरीत काटा बाराशे साठ दाखवतो. तिथं बाराशेही धड नव्हते. अकराशे वीसच्या आसपास मोटर मान टाकायची. त्यानं बाहेर येऊन नदी पाहिली. रात्रीपासून पाणी दीड हात चढलेलं.

पत्रू आलाच होता. गफ्फारनं त्याला बाजूला घेतलं. "जाऊन तर पोचतो आपण. येताना चार किलोमीटर येईल, जास्तीत जास्त. मंग तीन किलोमीटर काय करू?"

"वल्हं हाये."

"ह्या धारेत? बाई नावेत असताना?"

पत्रूनं नदीकडे पाहिलं. "ह्या धारेत वल्हं नाई चालत," तो कबूल झाला. मग म्हणाला, "तू म्हन गफ्फारभाऊ. तू म्हनशीन तर मी निघतो."

गफ्फारच्या तोंडून 'चला' निघालं नाही. त्यानं वारलूला समजावून सांगितलं. बॅटरी अर्धी आहे, मध्येच बंद पडली तर बाई बुडेल, तू बुडशील, सगळेच बुडू. लाईन आली की भरतो, लगेच निघतो. तोवर त्यानं दवाखान्याच्या जीपच्या इंजिनावर एक बॅटरी जोडली. टाकीत डिझेल इतकं थोडं, की तासाभरात इंजिन गचके खाऊ लागलं. काटा जेमतेम हलला.

वारलू हे सगळं दाराशी उकिडवा बसून पाहत होता. कमरजहाँनं चहा दिला तो त्यानं घेतला. दुपार व्हायच्या आधी उठला आणि म्हणाला, "मी जातो. ती एकटी हाये." रागावला नव्हता. तेच गफ्फारला जड गेलं. वारलू काठाकाठानं चालत दिसेनासा झाला.

करंट आला संध्याकाळी. गफ्फार बॅटऱ्यांजवळून हलला नाही. सकाळी उजाडता उजाडता चारही काटे बाराशे साठवर होते. पत्रूनं नाव सोडली. रात्रीत पाणी बरंच उतरलं होतं.

टोल्यावर पोचले तेव्हा काठाला कुणी वाट पाहत नव्हतं. बुधरी आदल्या दिवशी दिवस मावळताना गेली होती. मूल पोटातच राहिलं. वारलू घरी पोचला तेव्हा ती बोलत होती, असं सुईणीनं पत्रूला गोंडीत सांगितलं. नाव येते का, असं तिनं विचारलं होतं. वारलूनं 'येते' म्हणून सांगितलं होतं.

कुणी दोष दिला नाही. एका म्हाताऱ्यानं दोघांना पाणी आणून दिलं. गफ्फारनं तांब्या हातात धरून ठेवला.

परतताना नाव धारेला लागली आणि चढू लागली. काळा खडक आला, गेला. गफ्फार काटा पाहत होता. घाटाला लागले तेव्हा अकराशे पंच्याण्णव होते. जाऊन-येऊन पासष्ट खर्च झाले होते. मोटर मान टाकेपर्यंत कालच्या बॅटरीत जवळजवळ ऐंशी होते.

"पुरली असती," तो म्हणाला.

"काल पानी दीड हात वर होतं," पत्रू म्हणाला. "आनि नावेत आपन दोघंच नसतो."

दोन्ही खरं होतं. त्यानंतर कितीतरी दिवस गफ्फार तोच हिशेब करत बसायचा. दीड हात पाण्याला किती, दोन माणसांच्या वजनाला किती. कधी उत्तर पुरेल असं यायचं, कधी घाटापासून अर्धा किलोमीटर अलीकडे नाव थांबायची. एकदा कमरजहाँ म्हणाली, "तुम्ही बरोबरच केलं जी. पाच जीव गेले असते."

"नसतेही गेले," गफ्फार म्हणाला.

पुढच्या मे महिन्यात त्यानं संस्थेला पत्र लिहिलं. आणखी दोन बॅटऱ्या द्या किंवा काळ्या खडकाजवळ चार्जिंगची सोय करा. उत्तर आलं नाही. साहेबाचा फोन दुसराच माणूस उचलायचा. मग त्यानं दुकानातल्याच दोन जुन्या बॅटऱ्यांच्या प्लेटा बदलून त्या नावेत बसवल्या. लाईन असेल तेव्हा दिवसातून दोनदा काटा पाहायचा. त्या पावसाळ्यात चार महिने नावेच्या बॅटऱ्या जवळजवळ कायम भरलेल्या होत्या. सात काय, नऊ किलोमीटर नाव जाऊन आली असती.

वरच्या अंगाचे लोक येत राहिले. खालच्या अंगाचं कुणी नाव मागायला आलं नाही. तिकडे माणसं आजारी पडत होती, हे बाजाराच्या दिवशी कळायचं. दोन बाया गेल्या, एक लेकरू गेलं. एकदा त्यानं पत्रूला तिकडे निरोप घेऊन पाठवलं, की नाव आता येऊ शकते, बोलवा.

पत्रू परत आला. "सांगितलं का?" गफ्फारनं विचारलं.

"सांगितलं."

"मंग?"

"आयकलं त्यायनं," पत्रू म्हणाला, आणि नावेतलं पाणी उपसायला बसला.