पोपची दाई

माझ्या मावशीला तिच्या चॅपलमधले लोक 'पोपची दाई' म्हणायचे, आणि तेही पाठीमागे नाही, तोंडावर. मावशी म्हणायची, "म्हणा की. मी बाळंतपणं तरी करते. तुम्ही नुसत्या सभा भरवता."

सरकारी दवाखान्यात ती प्रसूतीच्या वॉर्डात नर्स होती. तिचं चॅपल प्रॉटेस्टंट पंथाचं; त्यांना पोप मान्य नाही, बिशप मान्य नाही, आणि समज आल्याशिवाय बाप्तिस्माही मान्य नाही. वॉर्डात येणाऱ्या बायका मात्र बहुतेक कॅथलिक; बाप्तिस्म्याविना गेलेलं बाळ देवापाशी पोचत नाही, अशी त्यांना धास्ती. एखादं बाळ निळंच जन्मायचं, डॉक्टर मान हलवायचे, फादरना आणायला कुणीतरी धावायचं आणि आई खाटेवरून ओरडायची, "याला असंच जाऊ देऊ नका हो!" मग मावशी स्टीलच्या वाटीत नळाचं पाणी घ्यायची, त्या एवढ्याशा डोक्यावर ओतायची आणि पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा द्यायची. फादर पोचेपर्यंत सगळं आटोपलेलं असायचं.

चॅपलच्या पाळकांनी तिला जाब विचारला. "तुमचा स्वतःचा तरी यावर विश्वास आहे का?"

"आईचा आहे. आणि बाळ तिचं आहे."

त्यांनी तिला रविवारच्या शाळेत शिकवायला बंदी केली. पुढच्या रविवारी ही बया पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि सगळ्यांच्या वर आवाज काढून गायली. आवाज अगदी भसाडा होता.

त्या बाळांपैकी एक मुलगी मात्र वाचली. मोठी झाली, तिचं लग्न ठरलं. इतकी वर्षं तिच्या बाप्तिस्म्याबद्दल कुणी ब्र काढला नव्हता, पण आता चर्चमध्ये नवे फादर आले होते आणि ते फार काटेकोर. शंका नको, लग्नाआधी पुन्हा करून घेऊ, असं त्यांनी सांगितलं. मुलगी आमंत्रण द्यायला आली तेव्हा हे सहज बोलून गेली. "उद्या सकाळी आहे. काय बिघडतं, मावशी? चार थेंब पाणी."

मावशीचा चेहरा असा उतरला की मुलगी चहा न घेताच उठली.

सकाळी माझा दंड धरून मावशी चर्चमध्ये हजर. फादर तांब्या हातात घेऊन उभे होते. समोर केस मोकळे सोडलेली मुलगी, आणि वेदीपाशी फुलं लावणारी एक बाई. फादर माणूस वाईट नव्हते. त्यांनी शांतपणे समजावलं, "येशूने अधिकार आपल्या शिष्याला, पेत्राला दिला; तो पहिला पोप. पोपमागून पोप, बिशपमागून बिशप, डोक्यावर हात ठेवत ठेवत तो आमच्यापर्यंत आला. अडीनडीला कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं, हे खरं. पण तुमच्या चॅपलला यातलं काहीच पटत नाही. तुम्ही तो मनापासून दिलात, हे मी कशावरून धरू? तुमच्यावर कुणी हात ठेवला होता?"

"हिने," मावशी मुलीकडे बघत म्हणाली. "माझं बोट मुठीत धरलं होतं. सोडायलाच तयार नव्हती."

फादर हसले. मावशी हसली नाही.

"तुमचा पोप मला मान्य नाही, आणि तुम्हाला बरं वाटावं म्हणून मान्य करणारही नाही. पण एक सांगा. ही वाचली, म्हणून हिचं पुन्हा करता येतं. जी गेली, त्यांचं कोण करणार?"

"तो प्रश्न वेगळा आहे."

"वेगळा कसा? तेच पाणी, तीच वाटी, तीच मी."

फुलं लावणारी बाई केव्हाच थांबली होती. तिचा पहिला मुलगा त्याच वॉर्डात, मावशीच्याच हातात गेला होता. ती पुढे आली. "फादर, म्हणजे माझ्या बाळाचं झालंच नव्हतं का?"

मला त्या क्षणी फादरांची कीव आली.

"झालं होतं, बाई," ते म्हणाले. "तुमचं बाळ देवापाशी आहे. मला त्यात काडीचीही शंका नाही."

"मग हिचंही झालं," मावशी म्हणाली.

तांब्या अजून फादरांच्या हातातच होता. मुलीने केस गोळा केले आणि घट्ट बांधले.

"लग्नाची तारीख आहे तीच धरा, फादर," ती म्हणाली. "मी काही त्या तांब्याखाली वाकणार नाही."