राखून ठेवलेली पाळी

परवा ऑफिसात नवीन आलेल्या इंजिनिअर मुलीनं मला विचारलं, "मॅडम, देवळाच्या प्रोग्रॅममधल्या या सात ओळी वेगळ्या कशाला ठेवल्यात? सगळ्यांच्या सामाईक गाभ्यात असाच नियम आहे की. काढून टाकू?" मी एवढ्या जोरात "हात लावू नको" म्हटलं की खाली पोदेराकडे पाव घ्यायला आलेल्या बाईनं मान वर करून खिडकीकडे बघितलं. मुलगी बिचारी कावरीबावरी झाली. मग मी तिला चहा पाजला, पण कारण सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर रडले असते, आणि ऑफिसात रडणं मला आवडत नाही.

डिचोलीच्या बाजारात पोदेराच्या भट्टीवरची ही जागा घेतली तेव्हा आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. तो दोडामार्गकडचा, माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. आधी खाणीच्या काट्यावर ट्रकांची वजनं नोंदवायचा आणि तिथेच बसल्या बसल्या प्रोग्रॅमिंग शिकला. मी त्याला दादा म्हणायची, तो मला बाय. सकाळी पातळभाजी-पाव खायचा आणि मग कामावरून भांडायला बसायचं, असा आमचा क्रम. भट्टीमुळे खालची फरशी तापायची, म्हणून दोघंही खुर्चीवर पाय वर घेऊन काम करायचो. आता ऑफिसात एसी आहे आणि पाय खाली टेकतात. पण खरं सांगायचं तर ते दिवस परत मिळणार असतील तर हा एसी मी उद्या काढून देईन.

आम्ही पाळ्या लावायचे प्रोग्रॅम करत होतो. पहिला पेडण्याच्या एका टॅक्सी स्टँडसाठी केला, कारण आता भाडं कोणाचं यावरून तिथे रोज बाचाबाची व्हायची. मग साखळीच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यासाठी. मग कारापूरजवळच्या कुळागरवाल्यांसाठी, पाटाचं पाणी आपल्या पोफळींना कोणी कधी लावायचं ते ठरवायला. आणि चौथा माझ्या माहेरच्या, कोरगावच्या बाजूच्या एका देवळासाठी. तिथे जत्रेच्या पूजेला यजमान म्हणून बसायचा मान चौदा घरांत फिरतो. आज बसलेल्या घराला पुढची पाळी चौदा वर्षांनी.

दादाची पद्धत सरळ होती. नवीन गिऱ्हाईक आलं की जुन्या प्रोग्रॅमची नक्कल करायची आणि पाहिजे तिथे बदलायची. चार गिऱ्हाइकं, चार नकला. एकात चूक सापडली की चारही ठिकाणी जाऊन काढायची, आणि जाणार कोण, तर मी, पेन ड्राइव्ह पर्समध्ये टाकून बसनं. एकदा तारखेची एक फालतू चूक काढत मी दोन दिवस वणवण फिरले, आणि तिसऱ्या दिवशी कळलं की दवाखाना राहूनच गेला. माझं डोकं फिरलं. दादाला म्हटलं, हे चार वेगळे प्रोग्रॅम नाहीतच, हे एक कुटुंब आहे. सगळ्यांना लागतं ते एका गाभ्यात ठेवू, ज्याचं त्याचं वेगळं तेवढं बाहेर. गाभा एकदा दुरुस्त केला की सगळेच दुरुस्त. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी त्याची आकृती काढली आणि भिंतीला चिकटवली. गणपतीची चवथ झाल्यावर बसले ती दोन महिन्यांत गाभा करूनच उठले. एवढं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं.

नियम लिहायची वेळ आली तेव्हा टॅक्सी, दवाखाना आणि पाणी या तिघांचं म्हणणं एकच होतं: हाक मारल्यावर जो हजर नाही तो रांगेच्या शेवटी. देवळाच्या नकलेत मात्र दादानं देवळाच्या कारकुनाला विचारून सात ओळी जास्तीच्या लिहिल्या होत्या. पाळीच्या घराला ऐन जत्रेत सूतक आलं तर पूजा पुढचं घर करतं, पण सुतकातल्या घरापुढे 'राखीव' अशी खूण पडते आणि पुढच्या जत्रेला मान त्याच घराचा. मी त्या ओळी धड वाचल्याही नाहीत. सूतक हा शब्द दिसला, आणि मनात म्हटलं, सुतकात माणूस देवळाची पायरी चढत नाही, म्हणजे तो गैरहजरच की. मग वेगळा नियम कशाला? सातही ओळी पुसून टाकल्या.

दादानं ते बघितलं. "बाय, सारखं दिसतं म्हणून एक नसतं," तो म्हणाला. "जुळ्यांची नावंसुद्धा दोन ठेवतात."

"तुमच्या नकला सांभाळून माझ्या चपला झिजल्या," मी फणकारले.

"बरं. देऊळ तुझ्या गावचं. तुला ठाऊक."

मला ठाऊक नव्हतं. देवळाच्या बैठकीला मुलींना कोण बसवतो? पण तसं कबूल करायला माझी जीभ वळली नाही.

आणि नेमकं त्याच वर्षी यादीत एक राखीव पाळी होती, ती आमच्या घराची. आदल्या जत्रेला मान आमचा होता. बाबांनी नवीन रेशमी सोवळं आणलं होतं, संकल्प पाठ केला होता. जत्रेला सहा दिवस असताना चुलते गेले. बाबांनी सोवळं घडी करून ट्रंकेत ठेवलं आणि म्हणाले, पुढल्या वर्षी. मी दूर डिचोलीत, सासरी आणि कामात. मला एवढंच कळलं की यंदा पूजा दुसऱ्या घरानं केली. मी गाभा बसवला त्या दिवशी 'राखीव' ही खूण गेली आणि आमचं घर चौदाव्या नंबरावर जाऊन बसलं. बाबा तेव्हा शहात्तर वर्षांचे होते.

देवळात नवी यादी लागली त्या दिवशी बाबांचा फोन आला. मी गिऱ्हाइकाबरोबर बसले होते.

"गो, यादी लागली. आपला घर शेवटाक आसा. सुतकातली पाळी राखतंत मगे?"

"बाबा, यादी आता मशीन काढता. मशीन चुकना नाय," मी म्हटलं.

"बरां, बरां," ते म्हणाले. "तू जेवलंस मगे?"

हे माझं वाक्य मला आजही भर दुपारी आठवतं आणि कान तापतात. त्या वर्षी जत्रेला मी गेले, पोटभर जेवले, मिरवलेसुद्धा. चार म्हाताऱ्यांनी येऊन सांगितलं की तुझ्या यादीमुळे यंदा वाद झाला नाही. बाबा मागच्या खांबाला टेकून बसले होते. मला वाटलं, गुडघे दुखत असतील.

काही महिन्यांनी देवळाचा कारकून प्रिंटर दाखवायला डिचोलीला आला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तुमच्या बाबांनी पाळी आपणहून सोडली ती का हो? मंडळींना वाईट वाटलं. पण एवढ्या मोठ्या माणसाला विचारणार कोण?"

"सोडली कुठे? यादीतच नव्हती," मी म्हटलं.

"राखीव होती ना," तो म्हणाला.

मी जुनी नक्कल उघडली. सात ओळी. या वेळी धड वाचल्या. मंडळींना वाटलं बाबांनी सोडली, बाबांना वाटलं मंडळींनी ठरवलं, आणि दोघांनीही विचारलं नाही, कारण यादी मशीनची आणि मशीन गावच्या लेकीचं. दादा माझ्यामागे उभा राहून स्क्रीन बघत होता. एका शब्दानं टोचलं नाही त्यानं मला. खाली जाऊन गरम पाव घेऊन आला आणि म्हणाला, "खा आणि बस पकड."

बाबा अंगणात सुकत घातलेल्या काजूच्या बिया हातानं सारख्या करत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गाभा, सात ओळी, माझा फणकारा, सगळं. म्हटलं, बाबा, देवळाचं काही चुकलं नाही, मी चुकले.

"मशीन चुकला?" ते म्हणाले. "माका वाटला, देव रुसलो."

मग बिया सारख्या करता करताच म्हणाले, "वरीसभर मी देवाक विचारतंय, माझा काय चुकला म्हणान."

मी तिथेच मातीत बसले आणि रडले. बाबा मात्र हसत होते. कितीतरी दिवसांनी हलके झाल्यासारखे हसत होते. आईला हाक मारून म्हणाले, ट्रंक उघड.

मी सात ओळी परत लिहिल्या, गाभ्याच्या बाहेर, देवळाच्या स्वतःच्या भागात. आमचं घर पुन्हा वर आणायला मात्र मी हात लावला नाही. आपल्याच घराचा नंबर आपणच हलवायचा नसतो, तेवढं शहाणपण तोवर आलं होतं. मंडळींनी बैठक घेतली, ठराव केला आणि कारकुनानं नोंद केली. येत्या जत्रेचा मान आमचा. बाबा फोनवर मला संकल्प म्हणून दाखवायचे. मधेच अडले तर पुन्हा पहिल्यापासून.

जत्रेला आठ दिवस होते. बाबा सकाळी आंघोळ करून आले, खुर्चीवर बसले आणि गेले.

लग्न झालेल्या मुलीला माहेरचं सूतक तीन दिवस. भावाचं आणि घराचं बारा. चौथ्या दिवशी मी ऑफिसात येऊन बसले, कारण घरी बसवत नव्हतं. अकराच्या सुमाराला कारकुनाचा फोन आला. तो म्हणाला, "ताई, नोंद करायला लागेल. करू?"

"करा," मी म्हटलं.

देवळाचा प्रोग्रॅम तोवर आम्ही इंटरनेटवर नेला होता; समोरच्या स्क्रीनवर यादी हलली. पुढचं घर वर आलं, आणि आमच्या घरापुढे, बाबांच्या नावासमोर, खूण पडली: राखीव. सातही ओळी बरोबर चालल्या होत्या. दादानं उठून दार लोटून घेतलं, आणि त्या दिवशी मी ऑफिसात रडले.

वर्षानं जत्रा आली. घराच्या प्रमुखाचं नाव बदलायचं राहिलं आहे, बदलू का, असं कारकुनानं आधी विचारलं होतं. मी भावाला विचारलं. तो म्हणाला, यंदा राहू दे. पूजेच्या वेळी कारकुनानं यादी हातात घेतली आणि भरल्या सभामंडपात बाबांचं नाव पुकारलं. बाबांचं सोवळं नेसून भाऊ उठला आणि पाटावर जाऊन बसला.