अप्पांसोबतचा राहिलेला डाव

मंडळी, दुपारपासून एका जागी बसवत नाहीये.

इथल्या गिंडी भागातल्या एका दुकानदाराने आमच्या जुन्या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क चालू करून दिली. त्यात मी आणि माझे वडील, अप्पा, खेळायचो तो युद्धाचा गेम सापडला. आळीपाळीने चाल करायची. एकाची चाल सुरू असताना दुसऱ्याने बाल्कनीत जाऊन थांबायचं, म्हणजे सैन्य कुठे लपवलंय ते दिसणार नाही.

मी हॉस्टेलला गेलो आणि शेवटचा डाव अर्धाच राहिला. अप्पा हरत होते म्हणून त्यांनी तो सोडला, असं मी पंचवीस वर्षं सगळ्यांना हसत सांगत आलो.

आज तो डाव उघडला, तर स्क्रीनवर माझं नाव. चाल माझी होती. अप्पा त्यांची चाल करून थांबले होते.

अप्पा आता आवडी नावाच्या उपनगरात असतात. लगेच फोन लावला. "अप्पा, तो डाव माझ्यामुळेच अडलाय."

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "खेळ आता. मी बाल्कनीत जातो."

तास होत आला. हात माउसवर आहे, पण चाल होत नाहीये. तुम्हीही कुणाला असं बाहेर थांबवून ठेवलंय का?