ओढ्यावरचे उपरी

शिरूरच्या कचेरीसमोर माझं झेरॉक्सचं दुकान होतं. अशा जागी किस्से शोधावे लागत नाहीत, न बोलावता येऊन बसतात! निम्मे आप्पांचे. आप्पा दौंडच्या रेल्वेतून रिटायर झालेले, माझ्या दुकानात बसून मोडी वाचणारे. लोक पूर्वजांचे कागद आणत आणि एकच विचारत, "आमी मिरासदार का उपरी?" मिरासदार म्हणजे गावचा पिढीजात हक्कदार. उपरी म्हणजे बाहेरून येऊन वसलेला; मरमर राबला तरी गावकीत मान नाही. पाटीलकी गेली, पण हे दोन शब्द काही जाईनात.

*

पोळ्याला वेशीतून पहिला बैल कुणाचा, यावरून दोन भावक्यांत डोकी फुटली. आप्पांनी कागद वाचून एका घराला मान दिला. "बैल कसाय?" त्यांनी विचारलं.

"बैल? इकला की! ट्रॅक्टर हाय आता."

*

आप्पांचा दौंडचा सोबती. आजा, बाप आणि तो, तिघंही रेल्वे क्वार्टरमध्येच वाढलेले. "आप्पा, आमचं गाव कुठलं वो?"

"रिटायर झाल्यावर क्वार्टर खाली कर म्हंत्याल, तवा कळंल."

आम्ही हसलो. तो हसला नाही.

*

हे सांगताना मला अजून संताप येतो. शिक्रापूरच्या अलीकडं, हायवेला लागून आमचं गाव. तिथं तीन पिढ्यांपूर्वी मेंढरं घेऊन आलेलं एक घर. त्या घरातल्या आबांची बायको वारली. तिरडी स्मशानाच्या वाटेला लागली तर सरपंच आडवे. "उपऱ्यांचं वढ्याकाठी!"

आबांनी तिरडी तशीच ओढ्याकडं वळवली. दहाव्यानंतर गावचे जुने कागद घेऊन ते आप्पांकडे आले. "बघा, आमी कोन हाय."

मी आप्पांना खुणावत होतो, मिरासदार म्हणा, कुणाला कळतंय! पण आप्पा खोटं वाचत नसत.

"उपरी हाय, आबा."

"बरं," म्हणून आबा चहा न घेताच उठले.

*

मग हायवे रुंद झाला, त्यात स्मशान गेलं. नवी जागा मिळायच्या आत सरपंचांचे वडील वारले. तिरडी ओढ्याकडं निघाली. मागं आप्पा आणि मी. काठावर आबा उभे. सरपंचांची मान खाली.

"आप्पा," आबा म्हणाले, "आता वाचा की. वढ्यावर ह्ये कोन?"

आप्पा खोटं वाचत नसत.

"उपरी."

"मग बराबर आणलंय," म्हणत आबांनी तिरडीला खांदा दिला.